दोन चिमण्या

बीड जिल्ह्याचा इतिहास सांगायला कोणी बसले म्हणजे तो बहुधा अंबाजोगाईपासून आरंभ करतो. मुकुंदराजांची समाधी, योगेश्वरीचे देऊळ, दासोपंत; मग परळीचे वैजनाथ आणि अहिल्याबाई होळकरांनी केलेला त्या देवळाचा जीर्णोद्धार; पुढे निजामी राजवट, स्वामी रामानंद तीर्थ आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन. येथवर आला की सांगणारा क्षणभर दम घेतो आणि एकदम दुष्काळावर व ऊसतोड मजुरांवर उतरतो. ह्यात खोटे काही नाही. संतांचा, मुक्तिसंग्रामाचा आणि कोयत्याचा जिल्हा ही आमची ओळख खरीच आहे. पण ह्या शेवटच्या उडीत एक गाव मधल्यामध्ये सुटून जाते. पन्नास वर्षांहून अधिक काळ ह्याच जिल्ह्यातले एक गाव पाळ्यांच्या हिशेबाने झोपले आणि उठले, कोळशाच्या गाड्या मोजत वाढले, आणि आकाशात धूर दिसला नाही तर चिंतेत पडले. ते गाव म्हणजे परळी. मुंबईच्या गिरणगावावर कथा, कविता, नाटके झाली. आमच्या थर्मलची आठवण मात्र वर्तमानपत्रात दोनच प्रसंगी निघते: वीज कमी पडली तेव्हा आणि पाणी संपले तेव्हा.

मी त्या गावात वाढलो. म्हणून हे थोडे लिहावेसे वाटते.

विजेचा एवढा मोठा कारखाना परळीलाच का आला? पुष्कळांना वाटते की मागास भागाला काही तरी द्यायचे म्हणून सरकारने दिला. ते काही अंशी खरे असेलही. परंतु नकाशा उघडून पाहिला तर दुसरेही एक उत्तर मिळते. औष्णिक केंद्राला दोन गोष्टी लागतात, कोळसा आणि पाणी. पाणी गोदावरीतून आणता येते. कोळसा मात्र आगगाडीनेच आला पाहिजे, आणि परळीला आगगाडी निजामाच्या काळातच आलेली होती. एक फाटा परभणीकडे जाई आणि दुसरा बीदरवरून विकाराबादकडे, म्हणजे हैदराबादच्या अंगाला. त्याच बाजूला सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी. १९४५ पासून ह्या खाणीही निजाम सरकारच्या मालकीच्या होत्या. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात गेला, कानडी जिल्हे म्हैसुरात गेले आणि मराठवाडा आधी द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. माणसांच्या सरहद्दी बदलल्या, पण रुळांच्या बदलल्या नाहीत. जुने संस्थान मोडल्यावरही त्याच्या एका कोपऱ्यातला कोळसा दुसऱ्या कोपऱ्यात येऊन जळत राहिला. इतिहासाच्या पुस्तकात जे १९४८ ला संपते ते आमच्या परळीच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांतून पुढे चालूच होते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७१ साली, परळीत पहिली वीज निघाली. तीस-तीस मेगावॅटचे दोन संच, इतकाच तो संसार. लगोलग १९७२ चा दुष्काळ आला. जिल्हाभर माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती उपसायला गेली. सुकडीवर लेकरे जगली. रोजगार हमीचा जन्म त्याच दुष्काळातला. अशा वेळी थर्मल म्हणजे काय वाटले असेल ह्याची कल्पना आज करता येणार नाही. पाऊस पडो न पडो, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार होतो, ही गोष्टच कोरडवाहू माणसाला नवी होती. आमच्या गल्लीतले एक आबा सांगत, "अरे, आमच्या बापजाद्यानं आभाळाकडं बघून दिवस काढले. आम्ही पहिल्यांदा घड्याळाकडं बघितलं."

पुढे कारखाना वाढत गेला. २१० मेगावॅटचा तिसरा संच १९८० मध्ये, चौथा १९८५ मध्ये आणि पाचवा १९८७ मध्ये आला. दोन लहान संचांच्या जागी एकदम मोठे यंत्रकुल उभे राहिले आणि त्याबरोबर गावाची वस्ती बदलली. वऱ्हाड-नागपूरकडचे तंत्रज्ञ आले, खानदेशातले आले, तेलुगू बोलणारे फिटर आणि वेल्डर आले. मंडळाची वसाहत झाली. तिच्यात सरळ रस्ते, रांगेने लावलेली झाडे, खेळाचे मैदान. जुने गाव वैजनाथाच्या डोंगराच्या पायथ्याशी होते तिथेच राहिले, त्याच्या बोळांसह आणि शिवरात्रीच्या यात्रेसह. ह्या दोहोंच्या मधल्या पट्टीत, रस्त्याच्या कडेने, पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उठल्या. आमचे घर त्या ओळींत होते.

घरात माय शिवणकाम करी. त्यामुळे गावाचे तिन्ही भाग मला लहानपणीच कपड्यांवरून ओळखू येऊ लागले. मंडळाचा कायम माणूस खाकीचे नवे कापड घेऊन येई आणि माप देताना ताठ उभा राही. ठेकेदाराकडचा रोजंदारी माणूस जुनीच खाकी विजार आणी, तिच्या गुडघ्यावर ठिगळ लावून मागे. जुन्या गावातला माणूस खाकी आणीतच नसे. त्याचे धोतर किंवा पायजमा. एकाच मशीनवर तिघांचे कपडे पडलेले असत. इतिहास म्हणजे राजेरजवाडे असे शाळेत शिकत असताना घरात मी हा दुसरा इतिहास पाहत होतो, पण त्याला इतिहास म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हते.

औद्योगिक गावातल्या मुलाचे पहिले शिक्षण कानाने होते. गिरणगावातल्या मुलाला भोंगा, तसा आम्हाला वाफेचा आवाज. संच अचानक बंद पडला, म्हणजे 'ट्रिप' झाला, की बॉयलरमध्ये कोंडलेली वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून सुटते. तो आवाज नवख्याला प्रलयासारखा वाटे. लग्नाला आलेला पाहुणा मध्यरात्री दचकून अंगणात येई आणि आम्ही वाकळीतूनच त्याला सांगू, "झोपा मामा, काही नाही, संच ट्रिप झालाय." त्यानंतर आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या वाट पाहत असू की तो पुन्हा कधी 'लाईट-अप' होतो. ट्रिप, लाईट-अप, ओव्हरहॉल, टिपलर हे शब्द आमच्या बायामाणसांच्याही बोलण्यात रुळले. एखादा पोरगा शाळेतून नाव काढून घरी बसला की त्याची आजी म्हणे, "आमचा ट्रिप झाला." ओव्हरहॉलचे दिवस म्हणजे रोजंदारीवाल्यांची सुगी. संच उघडून दुरुस्त करायचा म्हणजे शेकडो हात लागत. त्या दिवसांत आमच्या पट्टीत मटण शिजे.

कोळशाचे गणित आम्ही आमच्या डोळ्यांनी केले होते, पण आकड्यांनी ते मला फार पुढे कळले. वाचकांसाठी ते मांडून दाखवतो. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर ५० लाख ४० हजार युनिट वीज होते. एका युनिटाला आपला देशी कोळसा अदमासे सातशे ग्रॅम लागतो असे धरले तर दिवसाला साडेतीन हजार टन झाला. मालगाडीच्या एका डब्यात ५५ ते ६० टन कोळसा मावतो. म्हणजे एक संच रोज साठ डब्यांची एक अख्खी मालगाडी गिळतो. आता देशी कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग राखेचा असतो. तेव्हा त्याच संचाच्या पोटी रोज अकराशे-बाराशे टन राख निघणार. असे तीन संच. ही राख पाण्यात कालवून नळांवाटे दाऊतपूरच्या बाजूला तळ्यांत नेऊन सोडीत. पाणी आटले की तिथे करड्या रंगाचे मैदान तयार होई, आणि उन्हाळ्याच्या वावटळीत ते मैदान उठून चालू लागे.

राख ही आमच्याकडे ऋतूसारखी गोष्ट होती. कुरडया आणि पापड वाळत घालताना बायका आधी वाऱ्याची दिशा पाहत. पांढरे कपडे कोणत्या वारी धुवावेत ह्याचेही आडाखे असत. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या काळी धुराचा दिवस हा पगाराचा दिवस होता, आणि धूर नसला की वाणी उधार देताना विचार करी. रुळांच्या कडेला सांडलेला कोळसा वेचणाऱ्या बाया पहाटेच निघत; त्या कोळशावर कित्येक घरांच्या शेगड्या पेटल्या. १९९९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने नियम केला की औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करणाऱ्यांनी त्यांत राख मिसळलीच पाहिजे. तेव्हापासून राखेला भाव आला. जी झटकून टाकायची ती भरून न्यायची वस्तू झाली, आणि जिथे भाव आला तिथे भांडणही आले. आज परळीच्या आसपास जी घरे उठतात त्यांच्या भिंतीत ती जुनी मालगाडी थोडीथोडी चिणलेली आहे.

आता मथळ्यातल्या शब्दाकडे येतो. मराठीत चिमणी म्हटले की धुराडेही होते आणि घासलेटाचा दिवाही होतो. आमच्या मुलखात ह्या दोन्ही चिमण्या एकाच काळी, एकमेकींच्या नजरेत जळत होत्या. परळीच्या धुराड्यावरचे लाल दिवे रात्री कितीतरी कोसांवरून दिसत. ज्या वाडीवरून ते दिसत त्या वाडीत पुस्तक मात्र घासलेटाच्या चिमणीपुढे उघडलेले असे. उंच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारा शेतावरून जात आणि दूरच्या शहरांना, कारखान्यांना वीज देत. हवेत ओल असली की त्या तारा गुणगुणत. खालच्या विहिरीवरच्या मोटारीला मात्र वीज कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे. पुढे २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनाचा कहर झाला आणि महाराष्ट्रातल्या खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास वीज जाऊ लागली, तेव्हा धुराड्याच्या गावच्या तालुक्यातही घासलेटाच्या चिमण्या पुन्हा फडताळातून खाली आल्या. ह्यात कोणाचा कपट-कावा होता असे नाही. वीज तयार झाली की ती राज्याच्या जाळ्यात जाते. ज्या गावात झाली त्या गावाचा तिच्यावर वेगळा हक्क राहत नाही. धरणाच्या पाण्याचे जे, तेच विजेचे.

काही वर्षांपूर्वी शाळासोबत्यांचा एक मेळावा झाला. जेवणानंतर गप्पा निघाल्या आणि अर्थातच थर्मलवर आल्या. वाफेचा आवाज, कोळशाची गाडी, वैजनाथाची यात्रा. सगळे एकमेकांच्या तोंडातले वाक्य पुरे करीत होते. मग वसाहतीत वाढलेला एक जण सहज बोलला, "पण मजा होती राव. आमच्याकडं लाईट कधी गेलीच नाही. रात्रभर कूलर चालायचे."

खेड्यातून सायकलवर शाळेला येणारा दुसरा हसून म्हणाला, "तुझ्याकडं नव्हती जात. आमच्या डोक्यावरून तारा जायच्या अन् खाली आम्ही चिमणी लावून बसायचो. नाकात काजळी असायची सकाळी."

तिसरा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "माझा बाप वीस वर्षं आत जायचा. पण ठेकेदाराचा माणूस. पास संपला की घरी. मला आत काय आहे ते आजवर ठाऊक नाही. त्यानं बी कधी सांगितलं नाही. म्हणायचा, लई गरम असतंय."

कोणी रागावले नाही. चहा आला, विषय निघून गेला. परंतु मला त्या रात्री एक गोष्ट उमगली ती हीच की आपण ज्यांना सामायिक आठवणी म्हणतो त्या वस्तूंपुरत्या सामायिक असतात. आवाज एक, धुराडे एक, गाडी एक. पण त्या वस्तूखाली कोण कुठे बसले होते त्यावर आठवणीचा वाटा ठरतो. कुळाची जमीन सामायिक असते तशीच ही मिळकत आहे. सातबाऱ्यावर नावे सर्वांची, पण विहीर एकाच्या बांधात. अशा गावाचा इतिहास लिहिताना प्रत्येक आठवणीला विचारले पाहिजे की बाई, तू कुठल्या घरातून आलीस.

गिरणगावाशी ताडून पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ती गिरणी चालू झाली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे तिथे कामगारांच्या पिढ्या नांदल्या. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणीचे दार बंद झाले ते भांडवलाने तोंड फिरवल्यामुळे आणि जमिनीला सुतापेक्षा जास्त किंमत आल्यामुळे. पण तिथे संघटना होती, शाहीर होते, अण्णा भाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे होते. आपल्या जगण्याला आवाज देणारी माणसे त्या चाळींच्या आसऱ्यानेच वाढली. परळीचे संच थांबले त्याचे कारण निराळे होते. ते पाण्यामुळे थांबले.

औष्णिक केंद्र कोळसा खाते हे सर्वांना दिसते. ते पाणी पिते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वाफ करायला थोडे लागते. पण ती वाफ पुन्हा थंड करायला फार लागते, आणि कूलिंग टॉवरमधून जो पांढरा ढग वर जाताना दिसतो तो धूर नसतो, ते पाणीच असते. परळीचे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते, आणि बंधाऱ्यात पाणी नसेल तर वरच्या धरणांतून सोडावे लागते. म्हणजे शेवटी सगळा भार माजलगाव आणि जायकवाडी ह्यांच्यावर. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली: एका युनिटामागे साडेतीन लिटर. ह्या मर्यादेत राहूनही २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने दिवसाला पावणेदोन कोटी लिटर पाणी घेणार. २०११ च्या जनगणनेत परळीची वस्ती सुमारे ९० हजार होती. वाटून पाहिले तर दर माणशी एकशे नव्वद लिटरांहून अधिक आले. एवढे पाणी परळीच्या माणसाने कोणत्याही उन्हाळ्यात पाहिलेले नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत गोदावरी खोऱ्यातली धरणे तळाला गेली आणि ११३० मेगावॅटचे अख्खे केंद्र बंद झाले. त्याच वर्षी जिल्ह्यात गुरांच्या छावण्या होत्या. माणसे दावणीसकट छावणीत राहायला गेली होती. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच. ज्या गावाला १९७२ साली वाटले होते की आता आभाळाकडे बघायचे दिवस सरले, त्या गावाचे घड्याळच आभाळाने थांबवले. धूर नाही, गाडी नाही, वाफेचा आवाज नाही. रात्री इतके शांत वाटे की झोप लागत नाही, असे म्हातारे सांगत. कायम माणसांचे पगार चालू राहिले, त्यांच्या बदल्या झाल्या. रोजंदारीवाल्यांना बदली कुठली? त्यांच्यातले काही जण त्या दसऱ्यानंतर कोयता घेऊन टोळीबरोबर साखर कारखान्यांवर गेले. ज्यांच्या बापांनी कोयता टाकून खाकी घातली होती त्यांनी खाकी टाकून कोयता घेतला. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर त्या साली नेहमीपेक्षा अधिक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या, कारण आईबापांबरोबर लेकरेही जातात. म्हणून मी म्हणतो की ऊसतोडीचा इतिहास आणि थर्मलचा इतिहास हे दोन इतिहास नाहीत. एकाच घरातल्या दोन भावांची ती हकीकत आहे, आणि आभाळ फिरले की एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर येतात.

मधल्या काळात नवे संच आले. अडीचशे मेगावॅटचे तीन, २००७ ते २०१६ ह्या वर्षांत. जुने तीस मेगावॅटचे आणि नंतर २१० चे तिन्ही संच निवृत्त झाले. आता केंद्राची क्षमता ७५० मेगावॅट आहे. थर्मल काही संपले नाही. पण ज्या यंत्रांच्या भोवती आमची पिढी वाढली ती यंत्रे संपली. यंत्राला निवृत्तीचा कागद मिळतो, त्यावर तारीख असते. कायम कामगारालाही मिळतो. कोळसा वेचणारीला, टिपलरखाली फावडे मारणाऱ्याला, राखेच्या कडेला गुरे चारणाऱ्याला असा कागद कोण देणार?

मी मुलांना दिवाळीच्या सुटीत अभ्यास देतो. वही भरून शुद्धलेखन देण्याऐवजी तीन प्रश्न देतो: तुझ्या आजोबांनी आयुष्यात कोणकोणती कामे केली? त्या कामावर जाताना अंगात कोणते कपडे होते? घरात पहिला विजेचा दिवा कोणत्या साली लागला? पहिल्या दोहोंची उत्तरे मुले भराभर आणतात. तिसऱ्याला वेळ लागतो. म्हातारी माणसे साल सांगत नाहीत. कुणाचे लग्न, कुठला दुष्काळ, कोणता संच अशा खुणा सांगतात. त्या खुणांवरून साल काढावे लागते, आणि ते काढता काढता मुलाच्या हाती गावाचा इतिहास लागतो. परळीच्या शेजारच्या एका वाडीतल्या मुलीने लिहून आणले होते की तिच्या घरी दिवा आला तेव्हा पाचवा संच चालू होऊन चार वर्षे झाली होती. मी तो कागद जपून ठेवला आहे.

किती मेगावॅट झाले ह्याची नोंद कचेरीत आहे आणि ती पुसली जाणार नाही. त्यांतला उजेड कोणाच्या घरात, कधी आणि किती आला ह्याची नोंद फक्त माणसांच्या बोलण्यात आहे. ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.